डुगडुगणारी फरशी

माझ्या मावशीला कशाचाच धक्का बसायचा नाही आणि मला त्याचा फार राग यायचा. वादळात गोठ्याचं छप्पर उडून शेजारच्याच्या शेतात जाऊन पडलं, तेव्हा ती म्हणाली, "बरं झालं, गळतच होतं." मी सहा वर्षांची असताना आई वारली आणि मला पिशवीसकट मावशीच्या दारात आणून उभं केलं. मावशीने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "आधी बूट काढ. केवढा चिखल तो!" कुशीत घेणं वगैरे झालं, पण बूट निघाल्यावर.

अशा बाईचं तोंड पांढरंफटक पडलेलं मी आयुष्यात एकदाच पाहिलं, आणि तेही माझ्यामुळे. उचलली जीभ लावली टाळ्याला, ही माझी जुनी खोड.

आमचं घर डोंगरावरचं शेवटचं. खाली वस्ती, शाळा, दुकान. वर नुसतं गवत, मेंढ्या, वारा आणि 'पडकं'. पडकं म्हणजे गवतात बुडालेले दगडांचे लांबट ढिगारे आणि त्यांच्यामध्ये पुरुषभर उंचीचा एक उभा दगड. कुणी म्हणायचं जुने गोठे, कुणी म्हणायचं चोरांचा अड्डा. खरं कुणालाच माहीत नव्हतं आणि कुणाचं त्यावाचून अडलंही नव्हतं.

मावशी एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन खालच्या सपाटीवरून इथे आली. बटाटे, जव, मेंढ्या, सहा गाई. पहिल्या वर्षी तिला इथली माती कळेना, तिसऱ्या वर्षी ती सासऱ्यांना शिकवायला लागली. चिमूटभर माती अंगठ्याखाली चोळायची आणि सांगायची, इथे पाणी साचतं, तिथे कधीतरी शेणाचा ढीग होता, हा तुकडा आठ दिवस नांगरू नका. चुकलेली मी तरी पाहिली नाही. तोंडाचा पट्टा मात्र सकाळपासून सुरू. काका, म्हणजे तिचे यजमान, अगदी गप्प. मावशी दोघांच्या वाटचं बोलायची आणि काका दोघांच्या वाटचं ऐकायचे. चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधायचे आणि ती म्हणायची, "काखेत कळसा आणि गावाला वळसा! डोक्याला हात लावा." ते हात लावायचे, चष्मा खाली ओढायचे आणि परत कामाला लागायचे.

काका काहीही दुरुस्त करायचे. घड्याळं, नांगर, लोकांचे पंप, माझ्या चपला. एकच गोष्ट त्यांनी कधी केली नाही. स्वयंपाकघरात चुलीच्या उजव्या अंगाची फरशी डुगडुगायची. पाय पडला की टक्. दुधाचं पातेलं घेऊन वळलं की टक्, आणि थोडं दूध जमिनीवर. मावशी म्हणायची, "अहो, बोटभर माती घाला तिच्याखाली, संपलं." काका म्हणायचे, "बघू." हे 'बघू' मी तीस वर्षं ऐकलं. मध्ये घरभर सिमेंट झालं, तेव्हाही काकांनी स्वयंपाकघराला हात लावू दिला नाही. मावशीने आकाशपाताळ एक केलं. शेवटी काकांनी आपलं लाकडी स्टूल त्या फरशीवर आणून ठेवलं आणि म्हणाले, "मी बसलो की हलत नाही." तेव्हापासून त्यांचा चहा तिथे, जेवण तिथे, बूट शिवणं तिथे. आमच्याकडे ही थट्टाच होती. पाहुणे आले की मावशी सांगायची, "आमच्या घरात फरशी दाबून धरायला एक माणूस ठेवलाय."

दुसरी गोष्ट थट्टेची नव्हती, पण मला ती तेव्हा दिसलीच नाही. मावशी पडक्यात कधी जायची नाही. मेंढ्या वर न्यायच्या तर पडक्यातून दहा मिनिटांची वाट, पण ती लांबून अर्ध्या तासाचा वळसा घ्यायची. आणि दर वर्षी थंडी सरता सरता एखाद्या सकाळी स्वयंपाकघराच्या मागच्या दारात उभी राहून वर बघत बसायची. बराच वेळ. चुलीवर दूध उतू गेलं तरी. मला वाटायचं, हवामान बघतेय.

तीन वर्षांपूर्वी विद्यापीठातली एक बाई दहा विद्यार्थी आणि चार तंबू घेऊन डोंगरावर आली. पडकं म्हणजे शेतकऱ्यांचं गाव निघालं, सातशे वर्षांपूर्वीचं. पाच घरं. लांबच लांब. वरच्या अंगाला माणसं, उताराच्या अंगाला गुरं, मधून दगडी गटार. घराच्या मध्यावर चूल. मला तिथे खापऱ्या धुण्याचं काम मिळालं. उन्हाळ्यातले दोन महिने मी बादली आणि दात घासायचा ब्रश घेऊन बसायची आणि सातशे वर्षांपूर्वी कुणाच्या तरी हातून फुटलेली मडकी घासायची.

मावशीने नाक मुरडलं. "सातशे वर्षांपूर्वीचा उकिरडा चिवडायला एवढं शिकावं लागतं?" पण रोज संध्याकाळी विचारायची, आज काय निघालं? मी सांगायची: जळलेले जवाचे दाणे, मोडका कोयता, सूत कातायच्या चातीची दगडी चकती. ती बटाटे सोलता सोलता त्यावर निकाल द्यायची. "दार खालच्या बाजूला? म्हणजे वरून वारा असणार. शहाणी होती माणसं." एकदा तिने सांगितलेलं मी बाईला सांगितलं, तर बाईने ते वहीत लिहून घेतलं. मी मावशीला म्हटलं, "चल की एकदा वर. बघ तरी." ती म्हणाली, "मला काय कामं नाहीत?" काका स्टुलावरून काहीच बोलले नाहीत. पण ते कधीच काही बोलत नसत.

तिसऱ्या उन्हाळ्याच्या शेवटच्या आठवड्यात बाई उभ्या दगडाच्या घरात काम करत होती. तो दगड म्हणजे दाराची एक बाजू, दुसरी केव्हाच पडलेली. दुपारी ती एकदम म्हणाली, "थांबा सगळे." मी हात पुसत गेले. चुलीच्या कडेला, तुडवून घट्ट केलेल्या मातीच्या जमिनीखाली, एका छोट्या खड्ड्यात हाडं होती. काडेपेटीतल्या काड्यांएवढी. बरगड्या तर आधी मला मुळ्याच वाटल्या. कवटी अंड्याच्या कवचासारखी, चेपलेली. बाई म्हणाली, "तान्हं आहे. जन्मलं त्याच दिवशी गेलेलं, फार तर दुसऱ्या." वीस वर्षं हाडं बघणारी बाई, पण तिचेही डोळे भरले. आम्ही त्यावर ताडपत्री घातली आणि त्या दिवशी कुणीच पुढे काम केलं नाही.

मी तशीच धावत घरी आले. बूटही काढले नाहीत. काका स्टुलावर चहा घेत होते, मावशी बटाटे सोलत होती.

"मावशी, बाळ सापडलं!"

"कसलं बाळ?"

"तान्हं! वर पडक्यात. नुसती हाडं. एवढी एवढीशी. उभ्या दगडाच्या घरात."

काकांचा कप बशीवर आपटला. मावशीने सुरी खाली ठेवली. तिच्या तोंडावरचा रंग कुणी पुसून घ्यावा तसा गेला.

"उभ्या दगडापासून किती पावलं?" तिने विचारलं.

मला कळेचना. "चार... पाच असतील."

"आडोशाला?"

"ते आपलं नव्हे," काका म्हणाले.

"तुम्ही थांबा. आडोशाला होतं का गं?"

"अगं, ते आपलं नव्हे," काका परत म्हणाले आणि उठून बाहेर गेले. चहा अर्धा तसाच.

आपलं म्हणजे काय? कुणाचं काय आपलं? मावशीने सांगितलं ते तिच्या नेहमीच्याच आवाजात, जणू गेल्या साली बटाटे किती झाले ते सांगतेय.

"मी एकवीसची होते. थंडी सरतीला आली होती आणि एकदम बर्फ पडायला लागलं. अकरा दिवस वाट बंद. दिवस भरले नव्हते, पण ते आलं. सुईण खाली, आम्ही वर. सासूसासरेही खालीच अडकलेले, लग्नघरी. हेच होते फक्त. ते रडलंच नाही. मला ताप भरला, मी डोळे उघडले तर तीन दिवस गेलेले. यांनी सांगितलं, वर पडक्यात ठेवलंय, उभ्या दगडाच्या आडोशाला, वारा लागत नाही तिथे. परत विचारू नकोस म्हणाले. नाही विचारलं."

"कधीच?"

"सत्तेचाळीस वर्षं झाली. नाही."

मूल परत झालं नाही. मग मी आले, पिशवी घेऊन. तीस वर्षं मी त्या घरात राहिले, भांडले, रुसले, लग्नाला नाही म्हणून सगळ्यांना पिडलं, आणि माझ्या आधी तिथे कुणी होतं हे मला माहीत नव्हतं. मागच्या दारातून ती काय बघत होती ते आत्ता कळलं.

सकाळी मावशीने धुतलेलं लुगडं नेसलं, काकांचे जुने बूट घातले आणि वर निघाली. काका दारात आडवे आले. इतक्या वर्षांत ते तिला आडवे आलेले मी पहिल्यांदाच पाहिले.

"जाऊ नकोस. ऐक माझं. ते आपलं नाही."

"तुम्हाला काय ठाऊक? तुम्ही कालपासून तेच एक धरून बसलाय."

काकांनी तोंड उघडलं आणि मिटलं. ती त्यांच्या कडेने निघून गेली. मला वाटलं, म्हाताऱ्याला सहन होत नाहीये. मला त्यांची दया आली. किती मूर्ख होते मी!

वर बाईला मी घाईघाईने सगळं सांगितलं. ती मटकन दगडावर बसली. तिची अडचण मला नंतर कळली: हाडं सत्तेचाळीस वर्षांची असतील तर काम तिथल्या तिथे बंद, पोलीस, चौकशा, आणि तीन वर्षं जे जुनं जुनं म्हणून उपसलं त्याच्यावरही प्रश्न. पण तिने त्यातलं काही काढलं नाही. उठली, मावशीचा हात धरला आणि ताडपत्रीपर्यंत नेलं.

"ताई, मी तुम्हाला खोटं सांगणार नाही," बाई म्हणाली. "प्रयोगशाळेचं उत्तर यायला महिने लागतील. पण मातीवरून थोडं कळतं."

मावशी हाडांकडे बघत होती. हात लावला नाही. नुसती बघत होती, आणि तिचे ओठ हलत होते. मला वाटलं आता ही कोसळणार.

खड्ड्याच्या मागे बाईने मातीची एक भिंत न खणता मुद्दाम सोडली होती, कुठल्या थरावर कुठला थर ते दिसावं म्हणून. हाडांचा अर्धा खड्डा त्या भिंतीखालीच होता. बाई बोटाने दाखवू लागली. "हे वरचं गवत. हे पडलेल्या भिंतीचे दगड. ही काळी रेघ म्हणजे छप्पर जळून पडलं त्याची राख. त्याखाली त्यांची जमीन. आता नंतर कुणी वरून खणलं असतं, तर..."

"मातीचं मला नका सांगू," मावशी म्हणाली.

ती गुडघ्यांवर बसली. अंगठा त्या काळ्या रेघेवर ठेवला आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश नेला. परत नेला. मग राख बोटांत चोळून पाहिली.

"फुटलेली नाही," ती म्हणाली. "सलग आहे. वरून कुदळ आली असती तर राख तुटली असती." आणि मग जरा वेळाने, "हे माझं नाही."

मावशी वर बघून म्हणाली, "मग माझं कुठंय?"

"ताई, ह्या दगडाच्या चारी बाजूंनी आम्ही कातळापर्यंत खणलंय. घराबाहेर वीतभर खाली कातळच आहे. दुसरं काहीच निघालं नाही."

"कातळ? वीतभरच?"

"वीतभर."

मावशी बराच वेळ त्या वीतभर मातीकडे बघत होती. मग तिने भलतंच विचारलं. "यांनी पोर घरात का पुरलं?"

बाईला बोलायला विषय मिळाला म्हणून बरं वाटलं असावं. ती सांगू लागली की अभ्यासकांची वेगवेगळी मतं आहेत. इतकं लहान मूल अजून गावाचं झालेलं नसतं, घराचंच असतं, म्हणून घरात ठेवत असतील. किंवा ते परत पोटी यावं अशी समजूत असेल. चुलीची ऊब, घराचं रक्षण...

"काहीतरीच काय," मावशी म्हणाली, अगदी स्वयंपाकघरातल्या आवाजात. "थंडीत गेलं असेल. थंडीत इथे पहार लागत नाही हो. जमीन लोखंड होते. घरातच काय ती मऊ राहते, आणि तीही फक्त चुली..."

ती थांबली.

मी तिच्यासमोर उभी होते, म्हणून मी ते पाहिलं. तिचं तोंड उघडंच राहिलं. डोळे माझ्यावर होते, पण ती मला बघत नव्हती. मग तिने एक हात जमिनीवर टेकला आणि अडुसष्ट वर्षांची बाई उठून उतारावरून जवळजवळ पळत सुटली. मी मागून धावले. अर्ध्या वाटेत माझ्याही डोक्यात उजेड पडला आणि एकदा मी गवतातच बसले.

काका स्टुलावर होते. आम्ही आत आलो तेव्हा त्यांनी वर पाहिलं आणि त्यांना कळलं.

"उठा," मावशी म्हणाली.

काका उठले नाहीत. गुडघ्यांवर हात ठेवून म्हणाले, "तीन ठिकाणी खणून पाहिलं. गोठ्यामागे, बांधाशी, झाडाखाली. पहार वाकली. वर जायला निघालो, तर बर्फ कमरेपर्यंत. असंच ठेवावं तर कोल्हे फिरत होते. दोन दिवस उशाशी घेऊन बसलो. तू तापात होतीस. मग फरशी उचलली."

चुलीच्या उजव्या अंगाला माझं अंथरूण असायचं. सहाव्या वर्षापासून बाराव्यापर्यंत, ऊब असते म्हणून. रात्री भीती वाटली की मी त्या फरशीवर हात ठेवून झोपायची. ती हलायची, टक् वाजायची, आणि घरात कुणीतरी जागं आहे असं वाटायचं.

"मला पडक्यात म्हणून का सांगितलंत?" मावशीने विचारलं.

"तू इथे स्वयंपाक कसा केला असतास?"

मावशीचा आवाज मी इतका चढलेला कधी ऐकला नव्हता. "सत्तेचाळीस वर्षं! सत्तेचाळीस वर्षं मी त्या दारात उभी राहून वर बघत राहिले. त्याच्याकडे पाठ करून! आणि तुम्ही इथे बसून माझ्याकडे बघत होता!"

"हो," काका म्हणाले.

"एकदा तरी सांगायचं!"

"रोज वाटायचं. आज सांगू, उद्या सांगू. मग फार उशीर झाला."

मला काकांचा इतका संताप आला की हातात काही असतं तर फेकलं असतं. आणि त्याच वेळी मला ते स्टूल दिसत होतं, चारी पाय झिजलेलं, आणि इतकी वर्षं त्यावर बसलेला माणूस. काय बोलायचं अशा माणसाला? आयुष्यात एकदा माझी जीभ जागेवर राहिली.

मावशी खाली बसली. काकांनी स्टूल बाजूला घेतलं. तिने तळहात फरशीवर ठेवला, आणि फरशी हलली.

"काखेत कळसा," ती म्हणाली. पुढचं म्हणाली नाही.

मग खूप वेळाने, "किती शिव्या घातल्या मी हिला. बोटभर माती घाला म्हणून शंभर वेळा सांगितलं."

"बसवायची म्हणजे उचलावी लागली असती," काका म्हणाले.

चुलीवर पाणी उकळून उकळून आटलं. कुणी उठलं नाही.

"मुलगा होता?"

"मुलगी," काका म्हणाले. "केस होते. भरपूर. काळे."

तेव्हा मावशी रडली. मोठ्याने, तोंड झाकून न घेता. माझी आई वारली तेव्हाही तिला असं रडताना मी पाहिलं नव्हतं.

पुढे अकरा दिवस ती काकांशी बोलली नाही. ज्या घरात ती दोघांचं बोलायची त्या घरात बोलणंच बंद झालं. मला वाटलं आता हे असंच राहणार. मध्ये एकदा बाई येऊन गेली, तंबू गुंडाळल्यावर. चहा घेतला, कुठली फरशी ते तिला आपोआप कळलं असावं, कारण ती त्या बाजूला पाय टाकत नव्हती. तिने विचारलं, "ताई, जमीन गोठलेली असणार हे मी लिहू का?"

"लिहा की. खरं ते लिहायला काय झालं? आणि त्या पोराचं काम झालं की त्याला जागेवर आणून ठेवा."

"ते माझ्या एकटीच्या हातात नाही. पण मागणी करेन."

"करा. मी आहे इथेच," मावशी म्हणाली.

बाराव्या दिवशी सकाळी काका चहाचा कप घेऊन नेहमीसारखे स्टुलाकडे आले, तर मावशी आधीच तिथे उभी.

"सरका," ती म्हणाली. बारा दिवसांतला पहिला शब्द. "इतकी वर्षं तुम्ही बसलात तिच्याजवळ. आता मी."

ती बसली. फरशी एकदा टक् वाजली आणि थांबली. काका कप हातात धरून चुलीसमोर उभे राहिले. त्या स्वयंपाकघरात दुसरीकडे कुठे बसायचं, ते त्यांना ठाऊकच नव्हतं.